शिसं कडकच हवं

२ ऑगस्ट, शनिवार. सकाळी.
आजपासून रोजनिशी. निवृत्त माणसाने लिहून ठेवावं, नाहीतर त्याने लावलेले शोध त्याच्याबरोबरच जातात आणि मग मेहुणे ते आपल्या नावावर खपवतात.

१३ सप्टेंबरला क्लबची कॅनस्पर्धा. नियम साधे. गोळी स्वतः ओतलेली, रिव्हॉल्व्हर स्वतःचं, बार एकच. समोर दुधाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन पाण्याने भरून रांगेत. टोकाला खड्डा असलेली गोळी पाण्यात शिरली की तो खड्डा उमलतो आणि गोळी अळंबीसारखी फुलते. ओपल फेन्स्के (क्लबची अध्यक्ष, पशुखाद्याचं दुकान, आवाज दुकानाएवढाच मोठा) ती शोधून कॅलिपरने मोजते. ज्याची सगळ्यांत रुंद फुलली, त्याच्याकडे ओतकामाच्या शेडची किल्ली वर्षभर. हिवाळ्यात दर मंगळवारी शेड उघडायची, शेगडी पेटवायची, सगळ्यांनी शिसं वितळवायचं आणि किल्लीवाल्याने बोलायचं. बरीच वर्षं मीच बोलतो आहे.

माझी गोळी दरवर्षी फार फुलते असं नाही. पण बाकीच्यांची कॅनला लागतच नाही.

या वर्षी हार्लन ओडेगार्ड परत आला आहे. माझी बायको लुसील, तिचा भाऊ. इतकी वर्षं बॉयसीत होता, तिथेच राहिला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. म्हणतो, डेल्बर्ट, तुझं शिसं फार कडक आहे रे. मी म्हटलं, अठ्ठावीस वर्षं लेम्हाय काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ मी उपसला आहे. पातं कडक आणि रेटा जोरात, एवढंच लागतं. गोळीचंही तेच.

संकल्प : कडक शिसं, जोराचा वेग, किल्ली माझ्या खिळ्यावर.

४ ऑगस्ट.
टायरच्या दुकानातून शिशाची वजनं आणली, चाकाच्या रिमला ठोकतात ती. एक बादलीभर. त्यातली लोखंडाची आणि जस्ताची वेगळी काढायची होती. जस्त भांड्यात गेलं तर अख्ख्या शिशाचं दही होतं. लुसील म्हणाली, अरे, निवडून तरी घे, मागच्या वर्षीसारखं करू नकोस. मी म्हटलं, मागच्या वर्षी काय झालं होतं? ती म्हणाली, दही.

बाईमाणसाची स्मरणशक्ती नको तिथे चालते.

६ ऑगस्ट.
गाडी उभी करायच्या छपराखाली ओतकाम. पद्धत माझी. साच्यातून निघालेली गरम गोळी सरळ पाण्याच्या बादलीत टाकायची. चुर्र आवाज होतो. लगेच थंड, लगेच हातात, काम झटपट. हार्लन आपल्या गोळ्या दुमडलेल्या टॉवेलवर हळूच सोडतो, बाळाला दुपारचं झोपवावं तशा. बघवत नाही.

लुसीलने तीनदा हात धुवायला लावले. साबण संपवला म्हणून तीच ओरडली.

९ ऑगस्ट, शनिवार.
खडीच्या खाणीत पहिली चाचणी. सहा कॅन. गोळी सहाही कॅन भेदून मागच्या मातीत गेली. काय ही ताकद! खोदून काढली. अगदी जशीच्या तशी. खड्डा तसाच, कड तशीच, नुसता थोडा चिखल.

घरी आणून लुसीलला दाखवली. तिने निरखून पाहिली, फडक्याने पुसली आणि म्हणाली, छान, म्हणजे पुन्हा वापरता येईल.

१० ऑगस्ट, रविवार.
चर्चबाहेर कॉफी. हार्लनने गाठलं. कुणीही विचारलेलं नसताना त्याने समजावलं : मऊ शिसं कमी वेगातही फुलतं. कडक शिशाला फुलायला वेग लागतो, आणि वेग फारच वाढला तर ते फुलत नाही, फुटतं. तुझं शिसं कडक आणि वेग बेताचा. दोघांपैकी एकाने माघार घ्यायला हवी.

मी म्हटलं, रकमन घराण्यात माघार घेत नाहीत.

तो म्हणाला, मी गोळीबद्दल बोलतोय.

पाद्रीही हसले. यापुढे पहिल्या बाकावर बसणार नाही.

१३ ऑगस्ट.
विचारांती ठरलं : वेग वाढवायचा. पुस्तकात दिलेल्या मर्यादेतच, मी काही वेडा नाही. वेग मोजायचं यंत्र क्लबमधून आणलं. ओपलने देताना तीन वेळा सांगितलं, यंत्राच्या वरून मारायची, यंत्रात नाही. लहान मुलाला सांगावं तसं. मी मान डोलावली नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार.
यंत्र गोळीच्या वाटेत आलं.

१७ ऑगस्ट.
ओपलचा फोन. काय काय म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही. ऐकायला दुभती गाय असती तर आटली असती. शेवटी ठरलं की मी शेडच्या छताचे गळके पत्रे बदलून द्यायचे. मी लगेच हो म्हटलं. शेड शेवटी माझ्याकडेच राहणार आहे, स्वतःचंच छप्पर दुरुस्त करायला कसली लाज!

एक गोष्ट मात्र ओपलने मान्य करायला हवी होती. यंत्र बंद पडण्याआधी त्यावर आकडा उमटला होता, आणि तो चांगला मोठा होता.

२० ऑगस्ट.
वेग वाढवला. निकाल थक्क करणारा. गोळीचं टोक पहिल्याच कॅनमध्ये सुटलं, त्याचे तुकडे झाले, आणि मागचं बूड एकटंच पुढे चालत राहिलं. दुसऱ्या कॅनच्या तळाशी तुकडे सापडले. मी ते वर्तमानपत्रावर मांडले आणि बाहेरच्या कडांतलं अंतर मोजलं. हार्लनच्या कुठल्याही गोळीपेक्षा जास्त.

म्हणजे माझी गोळी फुलते. फक्त फुलताना उत्साह आवरत नाही.

ओपलला फोन करून विचारलं, तुकडे एकत्र धरून मोजतात का? ती म्हणाली, डेल्बर्ट, झोप.

दुपारचे तीन वाजले होते.

२३ ऑगस्ट.
हात सुजला. रिव्हॉल्व्हर उलटं येऊन अंगठ्याच्या बुडावर बसतं. लुसीलने गोठवलेल्या मटारची पिशवी बांधली. नळीत शिशाचा थर बसला आहे, तो घासून काढायला अख्खी दुपार गेली, तीही डाव्या हाताने. लुसील म्हणाली, वेग जरा कमी केलास तर? मी म्हटलं, बर्फाच्या वेळी मी कधी गाडी हळू केली का? ती म्हणाली, म्हणूनच विल्सनांची टपालपेटी अजून शेतात सापडते.

यावर उत्तर होतं, पण मटार गळायला लागले होते.

२७ ऑगस्ट.
हार्लन घरी आला. खिशात चित्रकलेच्या पेन्सिलींचा संच. ही त्यांची मोठी परीक्षा. मऊ पेन्सिलीपासून सुरुवात करून एकेक टोक शिशावर घासायचं, जी पहिल्यांदा ओरखडा काढेल ती शिशाच्या जोडीची. माझ्या गोळीवर पेन्सिलीमागून पेन्सिली घसरत गेल्या. संच संपत आला. हार्लन नुसता भुवया वर करत होता, आणि त्याच्या भुवयांना कपाळ पुरेना.

म्हणाला, टायरच्या वजनाचं शिसं इतकं कडक नसतं रे. याच्यात तू काय घातलंस?

मी म्हटलं, कष्ट.

पेन्सिली भिकार आहेत. जाताना त्या तो इथेच विसरला. लुसील त्यातल्या एकीने शब्दकोडं सोडवते आहे आणि म्हणते, छान चालतात.

१ सप्टेंबर, सोमवार. सुट्टी.
हार्लनकडे जेवण. हरणाचे सॉसेज, बटाट्याचं सॅलड, मका. सॅलड वाढता वाढता त्याने खिशातून त्याची फुललेली गोळी काढली आणि ती टेबलभर फिरली. लोक लग्नातली अंगठी बघावी तसे बघत होते. पाकळ्या सगळीकडून सारख्या वळलेल्या. मीच म्हटलं, दबलेलं बटण दिसतंय.

लुसीलने ती बराच वेळ तळहातावर धरली. मग हार्लनला विचारलं, किती गरम लागतं रे शिसं? साचा आधी तापवतोस का? तो सांगत बसला. ती ऐकत बसली. मक्याची तीन कणसं खाऊन झाली तरी ती ऐकतच होती. मला कधी तिने असं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं असं थोडंच आहे? शेडमध्ये बायका येत नाहीत, एवढंच. नियम नाही तसा. पद्धत आहे. ओपल येते, पण ओपल अध्यक्ष आहे.

३ सप्टेंबर.
सकाळी दार उघडलं तर पायरीवर मऊ शिशाची वीट. जुन्या पाणीनळांचं शिसं, पाव कापावा तसं सुरीने कापलं जाईल असलं. वर चिठ्ठी : वाटलं तर वापर. हार्लन.

वाटलं नाही. दार वाऱ्याने आपटतं, त्याला टेकू म्हणून ठेवली. त्या लायकीचीच आहे. हार्लन आला की त्याला पायाने सरकवून दाखवीन.

५ सप्टेंबर.
हार्लन आला. पायाने सरकवली. अंगठ्याचं नख काळं पडलं आहे.

७ सप्टेंबर, रविवार. दुपारी.
हे मी फक्त इथे लिहितो.

मी बर्फाच्या गाडीवर होतो तेव्हा हिवाळ्यात पहाटेपासून रेडिओ माझ्या नावाने ओरडायचा. डेल्बर्ट, खिंड उघडी आहे का? डेल्बर्ट, शाळेची बस सोडू का? अख्खं खोरं माझ्या एका ‘हो’वर हलायचं. निवृत्त झालो आणि एका आठवड्यात सगळं गप्प. आता घरचा फोन वाजतो तो लुसीलसाठी. मंगळवारी संध्याकाळी मात्र शेडमध्ये सातआठ माणसं असतात, हातात साचे असतात, आणि कुणीतरी विचारतंच, डेल्बर्ट, याला अजून कथील घालू का? मग मी सांगतो. चूक सांगत असेन, पण विचारतात.

किल्ली गेली तर मंगळवारचं मी काय करू? टीव्हीसमोर बसू? मला तिथे जायचंच आहे. उघड सांगायला लाज वाटते, पण पोटातून वाटतं.

८ सप्टेंबर.
काल जरा हळवा झालो होतो. सॉसेज बाधले असणार.

९ सप्टेंबर, मंगळवार.
लुसील दात दाखवायला गावात गेली. तिची गाडी वळणाआड जाताच शेगडी पेटवली. हार्लनची वीट अर्धी कापली. (खरंच पावासारखी कापली जाते.) अर्धं त्याचं मऊ, अर्धं माझं कडक. ही माघार नव्हे. हा मिश्रधातू. आणि हात दुखतो म्हणून वेग मागे आणला, तीही माघार नव्हे, वैद्यकीय सल्ला. वैद्य मीच.

शिसं त्याचं असलं तरी पद्धत माझी. एकेक गोळी साच्यातून सरळ बादलीत. चुर्र. सुंदर गोळ्या, आरशासारख्या. चाचणी घेतली नाही. घ्यायची गरजच काय? कॅनही संपले आहेत, आणि खाणीवर हार्लन असतो.

दाराला आता साधी वीट लावली आहे. उरलेलं शिसं सरपणाखाली.

संध्याकाळी लुसील : दाराला वीट का?
मी : शोभते.

१२ सप्टेंबर, शुक्रवार.
उद्या. मी शांत आहे. भाषण तयार : मित्रांनो, काही जण मऊपणाच्या गोष्टी करतात. इथे थांबून हार्लनकडे बघायचं. लुसीलसमोर म्हणून दाखवलं. ती म्हणाली, हरलास तर काय बोलशील? मी म्हटलं, त्याची तयारी करणं म्हणजे अर्धं हरणं. ती म्हणाली, तू मंगळवारचं तरी सोडू नकोस हं, काही झालं तरी.

काही झालं तरी, म्हणे! घरच्यांचा विश्वास असा.

१३ सप्टेंबर, शनिवार. सकाळी सात.
हवा स्वच्छ. हात बरा. मिश्या विंचरल्या.

१३ सप्टेंबर. संध्याकाळी.
माझा नंबर चौथा. नेम अचूक, हे कुणीही नाकारणार नाही. पहिल्या कॅनच्या बरोबर मध्यात. पाणी उडालं, लोक ओरडले. मग दुसरा कॅन, तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, आणि मागच्या वाळूच्या पोत्यातून भुस्स. ओपलने पोत्यात हात घालून गोळी काढली, पँटला पुसली, कॅलिपर लावला, कॅलिपरकडे पाहिलं, पुन्हा लावला.

मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ही मारली होतीस ना रे? की नुसती पोत्यात ठेवलीस?

मी म्हटलं, पोत्यात दोष आहे.

मी मनातून पार चक्रावलो होतो. अर्धं शिसं हार्लनचं होतं! तेवढ्यात हार्लनने खिशातून पेन्सिली काढल्या. (नवा संच घेतलाय.) घासून बघितलं आणि हसलाच. म्हणाला, अजूनही कडकच! डेल्बर्ट, तू गोळ्या गरम गरम पाण्यात टाकतोस का?

मी म्हटलं, टाकतो. वर्षानुवर्षं टाकतो. स्वच्छ काम.

तो म्हणाला, अरे देवा. मग इतके दिवस आपण कशावर भांडतोय! या शिशाला पाण्यात बुडवलं की ते दुप्पट कडक होतं. म्हणूनच माझ्या पेन्सिली हरल्या. तू अर्धं माझं मऊ शिसं मिसळलं असतंस ना, तरी तुझ्या बादलीने त्याचा दगड केला असता. टॉवेलवर टाकली असतीस तर हीच गोळी फुलली असती.

मी हे ऐकलं आणि मिश्या पुन्हा बोटांनी विंचरल्या. खरं सांगावं तर वीट चोरून कापल्याचं सांगावं लागतं. न सांगावं तर मी अडाणी ठरतो. अडाणी ठरलो. तोंड वर करून ठरलो.

हार्लनची गोळी तिसऱ्या कॅनमध्ये सापडली. बटणासारखी.

किल्ली मी स्वतः दिली. फेकली नाही, हातात दिली. हार्लन म्हणाला, मंगळवारी तू येशील ना? मी म्हटलं, बघतो, मला कामं असतात. भाषण खिशातच राहिलं.

१४ सप्टेंबर.
निकालाची कारणमीमांसा : एक, पोतं. दोन, कॅनमधलं पाणी थंड. तीन, ओपल. चार, बादली, पण ती शेवटची.

२० सप्टेंबर.
शेडचे पत्रे बदलले. शब्द दिला होता. हार्लन खाली शिडी धरून उभा होता. म्हणाला, चांगलं बसवलंस. मी म्हटलं, मला माहीत आहे. छपरावरून आत दिसत होतं. माझी खुर्ची त्याने हलवलेली नाही. कशाला दाखवायचा चांगुलपणा? हलवायची होती सरळ.

२४ सप्टेंबर.
नवी योजना. शेड काय, चार भिंती. आता माझ्या गाडीच्या छपराखाली दर मंगळवारी ओतकाम, मोफत सल्ला, कॉफी. ओपलच्या दुकानात सूचना लावली. ओपल म्हणाली, त्याच वेळी शेडही उघडते की. मी म्हटलं, म्हणूनच.

संकल्प : लोक आपोआप ओळखतील, ज्ञान कुठे आहे ते.

३० सप्टेंबर.
खुर्च्या आठ. कमी पडल्या तर चर्चमधून आणता येतील. लुसील म्हणाली, मंगळवारी मी घरी नाहीये हं. मी म्हटलं, बरंच, जागा मोकळी मिळेल. कुठे जाणार ते विचारलं नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार. संध्याकाळी साडेपाच.
भांडं तापलं. कॉफी तयार. दुमडलेला टॉवेल ठेवला आहे, फक्त तुलनेसाठी. थंडी आहे, पण खऱ्या ओतणाऱ्याला थंडी वाजत नाही.

सहा.
लोक उशिराच येतात.

साडेसहा.
विल्सन आले. टपालपेटीबद्दल बोलून गेले.

साडेआठ.
भांडं विझवलं. आठही खुर्च्या आत आणल्या. कॉफी मीच प्यालो, वाया नको.

आत्ताच लुसील आली. कोटाला शेगडीचा वास, गाल लाल. शेडमध्ये गेली होती! हार्लनबरोबर. टेबलावर तिने स्वतः ओतलेली गोळी ठेवली. टॉवेलवर टाकलेली. पहिलीच, आणि कडा स्वच्छ. म्हणाली, मला कधीपासून यायचं होतं, तू कधी चल म्हणालाच नाहीस.

मी गोळी बघितली. जाऊ दे, चांगली आहे.

मग मी सहज, अगदी सहज विचारलं, कुणी माझ्याबद्दल विचारत होतं का?

ती म्हणाली, हो रे, सगळे विचारत होते.

माझी मान ताठ झाली. मी म्हटलं, काय विचारत होते?

ती म्हणाली, शिसं ढवळायची पळी डेल्बर्ट कुठे ठेवायचा.